दारू सगळ्यात शेवटी : आमच्या घरची गटारी

आषाढ संपत आला की आमच्या फॅमिली ग्रुपवर एकच विषय, यंदा गटारी कधी करायची. आता तुम्ही म्हणाल कधी म्हणजे काय, अमावस्येला, कालनिर्णय बघा की. पण ते इतकं सोपं नसतं हो. २०२४ला अमावस्या आली ४ ऑगस्टला, रविवार, सगळे खूष. २०२५ला आली २४ जुलैला, गुरुवार. आता गुरुवारी अर्ध्या घराला मटण चालत नाही, मोठ्या दिरांचा तर गुरुवार एकदम कडक, मग आधीचा रविवार की आदल्या दिवशीचा बुधवार यावर जेवढी चर्चा झाली तेवढी फ्लॅट घेताना झाली नव्हती. आणि २०२३ला अधिक श्रावण होता तेव्हा एका काकांनी अगदी सिरीयसली मुद्दा मांडला की अधिक महिना संपताना परत एक अमावस्या येतेच आहे, निज श्रावण तिच्यानंतर, तर खरी गटारी नक्की कुठली हे शास्त्रात स्पष्ट नसल्याने दोन्ही कराव्यात. ठराव बिनविरोध पास.

सासूबाईंना गटारी हा शब्दच आवडत नाही. त्यांच्यासाठी ती दिव्याची आवस. घरातले सगळे दिवे, समया, निरांजनं घासूनपुसून पाटावर मांडायची, कणकेचे गूळ घातलेले दिवे उकडायचे, पूजा करायची आणि मग ते दिवे तुपासोबत खायचे. अमावस्येच्याच दिवशी पार्टी ठेवली की आमच्या किचनमध्ये संध्याकाळी एका शेगडीवर मोदकपात्रात दिवे आणि दुसऱ्या शेगडीवर मटण असला सीन असतो, आणि कोणालाच त्यात काही वावगं वाटत नाही. पूजा झाल्याशिवाय बाटली उघडायची नाही एवढाच नियम. तोपर्यंत पुरुषमंडळी इतकी सज्जन वागतात की बघत राहावं.

तर या सगळ्यात बार माझ्याकडे असतो. आधी कसं होतं, बाप्ये बाल्कनीत खंबा, सोडा आणि थंड्याची दोन लिटरची बाटली घेऊन बसायचे, बायका आत तळत असायच्या, मधूनच बाहेरून आवाज, अगं अजून थोडं काहीतरी आण. मला यातलं बाल्कनी, तळणं, आवाज काहीच आवडायचं नाही. लग्नाआधी बँगलोरला जॉब करताना रूममेटमुळे घरी कॉकटेल करायचा नाद लागला होता, तो मी इथे आणला. आता ग्लास किचनच्या ओट्यावर भरले जातात त्यामुळे ज्याला प्यायचंय त्याला आत यावं लागतं, आणि आत आलं की मी हातात लिंबं आणि सुरी देते.

माझी पद्धत एका वाक्यात सांगायची तर जगमध्ये दारू नसते. जगमध्ये आंबट, गोड, मसाला, पाणी एवढंच. दारू ग्लासात, ज्याच्या त्याच्या मापाने, सगळ्यात शेवटी. नेटवर बघाल तर बहुतेक पार्टी रेसिपी उलट सांगतात, मोठ्या भांड्यात अख्खी बाटली ओता आणि फळं टाका. माझं म्हणणं असं की जे सरबत दारूशिवाय प्यावंसं वाटत नाही ते दारू घालून सुधारत नाही, फक्त दुसऱ्या ग्लासानंतर ते कळायचं बंद होतं. आधी जगमधलं चमचाभर चाखायचं, आंबट-गोड जमलं की मगच पुढे.

आणि दुसरं म्हणजे आमच्याकडे पंधरा-वीस माणसं असतात त्यात पिणारे फार तर निम्मे. सासूबाई पीत नाहीत. ज्याला गाडी चालवत डोंबिवलीला जायचंय तो पीत नाही (म्हणजे पिऊ नये, रक्तात १०० मिलीमागे ३० मिलिग्रॅम ही आपल्याकडची लिमिट, आणि गटारीच्या आसपास नाकाबंदी असतेच). पुतण्या एकोणीसचा आहे, आपल्या राज्यात रम-व्हिस्कीला २५ पूर्ण लागतात, त्याला वाटतं मला माहीत नाही. एखादीची गुड न्यूज असते जी अजून सांगायची नसते. कोणाच्या गोळ्या चालू असतात. या सगळ्यांना एकाच जगमधला तोच लाल ग्लास, वर तेच पुदिन्याचं पान, कोणाच्या ग्लासात काय आहे हे मला आणि त्याला माहीत. का रे घेत नाहीस, एक तर घे, हा जो आपल्याकडचा छळ आहे ना तो निम्म्याने कमी होतो. अजून एक, पोरं येताजाता जगमधून ओतून घेतात तेव्हा धावत जावं लागत नाही.

आता मापं. फॅन्सी जिगर (दारू मोजायचा छोटा पेला) लागत नाही, खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण घ्या, त्यावर मिलीच्या रेघा असतात. ६० मिली दारू, ३० मिली आंबट, २० मिली साखरेचा पाक, हे जगभरातल्या आंबटगोड कॉकटेलचं साधारण हाडपेर आहे, बाकी सगळं वरचं कातडं. घरी मी दारू ४५च धरते कारण रात्र मोठी असते. पाक म्हणजे साखर आणि पाणी सारखं घेऊन विरघळेपर्यंत गरम करायचं, तार बिर नाही, लाडू वळायचे नाहीयेत. आपल्या कागदी लिंबातून एकाचा रस साधारण १५ मिली निघतो त्यामुळे लिंबं नेहमी वाटतात त्यापेक्षा जास्त आणायची, आणि रस आदल्या दिवशी काढून ठेवायचा नाही, कडवट होतो. गार झालं की जिभेला गोडी कमी लागते म्हणून जगमधलं मिश्रण साध्या तापमानाला चाखताना किंचित जास्त गोड वाटलं पाहिजे. चिमूटभर मीठ सगळ्यात घालायचंच.

शेकर नसेल तर प्रोटीन शेकची बाटली चालते, झाकण घट्ट लागणारी काचेची बरणीही चालते, फक्त लोणच्याची नको, तो वास सात जन्म जात नाही. बर्फ जास्त हवा. बर्फ कमी घातला की तो पटकन वितळतो आणि सगळं पाणचट, भरपूर घातला की ग्लास गार राहतो आणि बर्फही टिकतो, हे लोकांना पटतच नाही, कमी बर्फ टाक गं म्हणतात. आणि बाहेरून बर्फ आणणार असाल तर कोळणीकडचा निळसर बर्फ आणू नका, तो न खाण्याचा आहे हे कळावं म्हणूनच त्यात निळा रंग घालतात.

हं, आता खरा विषय. मिक्सर म्हणून बाजारात जे रंगीत सिरप मिळतात ना, ब्लू काहीतरी, वॉटरमेलन काहीतरी, त्यातलं मी एकही घेत नाही. आपल्या घरात आंबट गोष्टींची एवढी मोठी फौज आहे की बाहेर जायची गरज काय.

पहिला मान कोकमाचा. एप्रिल-मेमध्ये रातांबे फोडून त्याच्या वाट्यांमध्ये साखर भरून बरणी उन्हात ठेवतात, त्यातून जो पाक सुटतो तो सरबताचा. आमच्याकडे कुडाळहून येतो, कॅनमध्ये. आगळ वेगळं बरं का, आगळ म्हणजे मीठ घातलेला रस, त्यात साखर नाही, ते सोलकढीचं. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्याच काळ्या-लाल, त्यामुळे ओतायच्या आधी बोट बुडवून चाखा. दहा ग्लासांसाठी ४०० मिली कोकम सरबताचा पाक, दहा लिंबांचा रस, दोन चमचे भाजलेल्या जिऱ्याची पूड, एक चमचा काळं मीठ आणि अर्धा लिटर पाणी. झालं. ग्लासात काठोकाठ बर्फ, त्यावर जगमधलं १०० मिली, पिणाऱ्याला ४५ मिली जिन, वरून सोडा आणि सोडा घातल्यावर ढवळ ढवळ ढवळायचं नाही, एकदाच खालून वर. जिनच का, तर जिनमध्ये जुनिपर आणि धण्याचा वास असतो, तो जिऱ्याशी छान जुळतो, धणे-जिरे ही जोडी आपल्याला काही नवीन नाही. हल्ली गोव्यात बनणाऱ्या बऱ्याच चांगल्या जिन मिळतात, फार महागाच्या लागतही नाहीत. मिरची आवडणाऱ्यांसाठी मी एक हिरवी मिरची उभी चिरून ग्लासात टाकते, ही आयडिया गोव्यातल्या उर्राकची.

उर्राकवर थोडं बोलायलाच हवं. काजूच्या बोंडांच्या रसाची पहिल्या धारेची, फेणीपेक्षा बरीच सौम्य, साधारण मार्च ते मे एवढाच सीझन. लिमका किंवा सोडा, लिंबू, मीठ, चिरलेली मिरची, बस. पण ते तिकडेच जाऊन प्यायचं. टिकतही नाही फार, आणि परवान्याशिवाय गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, बांद्याच्या चेकपोस्टवर डिकी उघडून घामाघूम झालेले नातेवाईक आमच्यातही आहेत. तेव्हा गटारीला उर्राक हा विषय नाही, मिरची मात्र आपली.

दुसरं पन्हं. मे महिन्यात कैऱ्या कुकरला लावून गर काढून त्यात दीडपट गूळ, वेलची, केशर, मीठ घालून शिजवते आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवते. जुलैत कैरी शोधत फिरायला नको. गुळाच्या पन्ह्यात डार्क रम म्हणजे, काय सांगू, गूळ आणि रम ही एकाच उसाची दोन पोरं, एक घरी राहिला आणि एक मळीच्या मार्गाला लागला, त्यांची भेट झाली की बरोबर ओळख पटते. साखरेच्या पन्ह्यात ही मजा नाही, ट्राय करून बघा हवं तर. ग्लासात गोठवलेल्या गराचे तीन क्यूब, ते विरघळेपर्यंत थोडं कोमट पाणी, मग गार पाणी, बर्फ आणि ४५ मिली रम. सोडा नको, गर वर येतो आणि फेसाळ होतं. वर जायफळ किसायचं, अगदी एकदोन वेळा किसणीवर फिरवायचं, जास्त नाही. रम मी ओल्ड मंकच वापरते. १९५४पासून बाजारात आहे, सासऱ्यांना त्यांच्या नोकरीच्या पहिल्या दिवसांची आठवण येते आणि त्या आठवणी आम्हाला दरवर्षी ऐकाव्या लागतात, पण त्या रमला जो व्हॅनिलासारखा गोडसर वास आहे तो कैरी-वेलचीत इतका फिट बसतो की तेवढं चालतं.

एक काका पन्ह्यात व्हिस्की मागतात. मी देते. त्यांचं तोंड बघायला मिळतं.

तिसरं गरम. गटारी म्हणजे पाऊस, आणि बाहेर धो धो चालू असताना बर्फाचं काय पिता. हे आमच्याकडे सगळ्यात आधी संपतं. आठ कपांसाठी सव्वा लिटर पाणी, गवती चहाची मूठभर पात गाठ मारून, दोन बोटं आलं ठेचून, सहा लवंगा, पाच-सहा मिरी, दालचिनीचा तुकडा, १०० ग्रॅम गूळ. दहा मिनिटं खळखळ उकळायचं, गॅस बंद करायचा, गाळायचं, दोन लिंबं पिळायची. आणि आता रम, कपात, ३० मिली. उकळत्या पातेल्यात कधीच नाही. एक म्हणजे अल्कोहोल ७८ डिग्रीलाच उकळतं त्यामुळे तुमची रम वाफ होऊन चिमणीतून शेजाऱ्यांकडे जाणार, आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं, चालू गॅसवर ती वाफ पेट घेऊ शकते. टीव्हीवर शेफ लोक करतात ते त्यांना करू द्या.

रम न घातलेलं हेच पाणी सासूबाई स्टीलच्या पेल्यात घेऊन बसतात, काढा म्हणून. रमने सर्दी जाते असं आमच्या काकांचं ठाम मत आहे. सर्दी जात नाही, सर्दीचं दुःख जातं. कोणीतरी हमखास विचारतं यात दूध घातलं तर, तर नको, लिंबू आहे, फाटेल. दुधातच प्यायचं असेल तर कोजागरीपर्यंत थांबा, आटवलेल्या मसाला दुधात चमचा-दोन चमचे रम फार सुंदर लागते, त्यात आंबट काही नसतं त्यामुळे फाटायचा प्रश्न नाही.

जांभूळ. जुलैत शेवटची जांभळं मिळतात, महाग असतात, पण पाव किलो पुरतात. मिक्सरला लावू नका, बी फुटली की कडू होतं, हातानेच मीठ लावून कुस्करायची, बिया काढायच्या, गर गाळणीतून दाबून घ्यायचा. साखर, लिंबू, काळं मीठ, पाणी आणि पिणाऱ्याला व्होडका. ग्लासाच्या कडेला लिंबू फिरवून मीठ आणि काश्मिरी तिखटाच्या ताटलीत उलटा दाबायचा, टपरीवर पेरूला लावतात तीच चव. पांढरे कपडे घातलेल्या माणसाला हे देऊ नका. जिभा जांभळ्या झालेले मोठाले लोक सेल्फी काढत बसतात, त्यातून ज्याला दारू नव्हती तोही तेवढाच झिंगल्यासारखा वागतो, हे मी दरवर्षी बघते.

नियमाला एकच अपवाद, सांग्रिया. वाईन ग्लासात शेवटी घालून चालत नाही, फळं तिच्यात रात्रभर मुरावी लागतात. नाशिकची कुठलीही साधी रेड, महागाची अजिबात नको, त्यात साखर आणि लिंबू जाणारच आहे. संत्री या दिवसांत चांगली नसतात म्हणून सफरचंद, आलुबुखार आणि डाळिंबाचे दाणे, चार चमचे साखर, एक लिंबू, फ्रिजमध्ये रात्रभर. देताना सोडा. हा जग मात्र वरच्या कप्प्यात आणि त्यावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी, मोठ्यांचं. जावेला हेच आवडतं आणि ती फळं चमच्याने खाते आणि म्हणते मी फक्त फ्रूट सॅलड खाल्लं. सगळी वाईन त्या फळांत असते बाई.

सोलकढीत कोणीतरी व्होडका घालायला सांगेल. काही रेस्टॉरंटवाले करतात पण. माझ्याकडे नाही. नारळाचं दूध, लसूण, मिरची, कोथिंबीर असलेली गोष्ट ही कोंबडी-वड्यांवर प्यायची आहे, तिला तिचं काम करू द्या.

चाखण्याचं म्हणाल तर ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, ताजी सुरमई विसरा (जी मिळते ती कोल्ड स्टोरेजची). सुक्या बोंबलाची चटणी, निखाऱ्यावर नसेल तर गॅसवर भाजलेली मक्याची कणसं लिंबू-तिखट लावून, काकडी. तळणीचं मी बंद केलंय. मटणाच्या दुकानासमोर सकाळी सातपासून लाईन असते, ती ड्युटी मोठ्या दिरांची, गुरुवार नसेल तर.

बाटल्यांचा हिशोब सोपा आहे, ७५० मिलीमध्ये माझ्या ४५च्या मापाने सोळा ग्लास होतात, एका पिणाऱ्याला तीन धरले की बस. त्यापुढे जो मागतो त्याला मी जगमधलं देते, वर रमचे चार थेंब शिंपडून, वास येतो आणि माणूस खूष असतो, हे गुपित आता इथे फुटलं पण आमच्याकडचे वाचत नाहीत माझा ब्लॉग. आणि हो, आपल्याकडे कायद्याने घरी प्यायलाही परमिट लागतं, दुकानातच पाच रुपयांचं एका दिवसाचं मिळतं, बिलासोबत मागून घ्या, आजवर कोणी तपासलेलं ऐकलं नाही पण पाच रुपयांसाठी कशाला.

रात्री उरतं ते असं. कोकमाचा पाक वर्षभर टिकतो त्याचं काही नाही, श्रावणातल्या उपासाला हाच उपयोगी पडतो, जिरं-मीठ चालत असेल तसं घालायचं. मिसळलेला जग मात्र लिंबामुळे दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंतच. जांभळाचा गर बर्फाच्या ट्रेमध्ये, पन्ह्याचे क्यूब संपले म्हणून ट्रे रिकामाच असतो. सांग्रियातली फळं ठेवायची नाहीत, रात्रीच जावेला द्यायची. आणि अर्धी राहिलेली ओल्ड मंक सासरे स्वतः कपाटात वरच्या कप्प्यात ठेवतात, बाटलीवर स्केचपेनने रेघ मारून, कारण त्यांचाही त्या पुतण्यावर संशय आहे.